पाव फेरा

९ जानेवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं 'हं, हं' करता आणि मी ठेवला की आईला विचारता, काय म्हणाली? म्हणून हे पत्र. सावकाश वाचा, चष्मा लावून.

ग्रंथालयाच्या बांधणी विभागात मला पुस्तकं दाबायच्या मोठ्या प्रेसवरून उठवलं आणि लेबलांच्या टेबलाशी बसवलं. रागावू नका, त्यांचं चुकलं नाही. मागच्या महिन्यात चाक फिरवता फिरवता हात असे गळून गेले की दोघांनी येऊन प्रेस सोडवला. तीन वर्षं अंग दुखतंय ते तुम्हाला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, हे दुखणं मोठ्या मुक्कामाला आलंय, पण हाडं-सांधे शाबूत आहेत. दुखतं म्हणून मी हलत नाही, हलत नाही म्हणून स्नायूंतली ताकद चाललीय, आणि ताकद गेली की आणखी दुखतं.

आमचे मुख्य बाइंडर चांगले आहेत. म्हणाले, जूनअखेर चाक एकटीने शेवटपर्यंत आवळून दाखवा, जागा तुमची. नाहीतर दुसरं माणूस घ्यावं लागेल. बाबा, वीस वर्षं त्या चाकावर माझा हात आहे. लेबलं चिकटवणं हलकं काम नाही, पण ते माझं काम नाही. मला माझं चाक परत हवंय.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो जरा जास्तच असू द्या सध्या.

तुमची,
मुंगी

---

२० जानेवारी

चि. मुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, चष्मा लावूनच. सोबत पार्सल पाठवतोय. आपल्या बांधणीच्या दुकानात पुठ्ठे दाबायला ठेवायचो ती दोन लोखंडी वजनं आहेत, हाताला लागू नयेत म्हणून जाड कापडात शिवून घेतलीत. शिवण माझी आहे, आईची नाही, तेव्हा नावं ठेवू नकोस. रोज पन्नास वेळा वर-खाली करायची. दुखलं तरी पन्नास पुरे करायचे. आपल्या घरात हाती घेतलेलं काम कुणी अर्धवट टाकलेलं नाही. पाच वर्षांची असताना तू हट्टाने आपल्यापेक्षा जड गठ्ठा उचललास, म्हणून तर मुंगी नाव पडलं.

आई म्हणते जपून कर. ती सगळ्यालाच जपून म्हणते.

तब्येत सांभाळ, आणि चाक कुणाला देऊ नकोस.

तुझे,
बाबा

---

११ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, कारण पेन धरता येत नव्हतं. आता येतंय, काळजी नको.

वजनं पोचली त्या आठवड्यात एक दिवस अंग अगदी हलकं वाटलं. अशा दिवशी मला भूतच संचारतं. पन्नास केले, वर चाळीस केले, आणि उरलेल्या जोरात सगळ्या खिडक्या पुसल्या. मग आठ दिवस अंथरुणात. केस विंचरायला हात वर जाईना. दोष तुमचा नाही, हे घराण्याचंच खूळ आहे. चांगला दिवस मिळाला की आपण तो पिळून घेतो.

शेवटी व्यायामोपचाराच्या बाईंकडे गेले. तरुण आहेत, पण नजर शाळेतल्या बाईंची. त्यांनी विचारलं, हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता येतं? मी छाती फुगवून दहा म्हटलं. म्हणाल्या, मग पाच करायचे. चांगल्या दिवशीही पाचच. वाईट दिवशी दोन, पण शून्य नाही. अंगाला सवय झाली की एक वाढवायचा. भिंतीला तळहात टेकून हळूच पुढे-मागे व्हायचं. चहाचं पाणी उकळेस्तोवर ओट्याला धरून टाचा उचलायच्या. आठवड्यातून दोनदा कोमट पाण्याच्या तलावात चालायचं. तिथे सत्तरीच्या आजीबाई मला मागे टाकून जातात, वर वळून हसतात.

उठणं अवघड नाही, बाबा. अवघड आहे ते सहावं न उठणं. पहिल्या दिवशी पाचावर थांबले आणि रागाने रडले. अर्धवट टाकल्यासारखं वाटलं. जूनपर्यंत या गतीने मी पोचेन का, हे बाईंनाही सांगता येत नाही.

तुमची वजनं दाराला लावलीत. दार आता वाऱ्याने आपटत नाही.

रागावला असाल तरी उत्तर पाठवा.

तुमची,
मुंगी

---

२५ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रागवायचं तोंड मला उरलेलं नाही. आगीत तेल ओतलं ते मीच. वजनं दाराशीच राहू देत.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, अहो, त्या बाई तर तुमचीच शिकवण तिला परत शिकवतायत. मला कळेना. मग तिने आठवण दिली. तू दहा वर्षांची होतीस. मी बाहेर गेलेलो असताना हिशेबाची जाड वही प्रेसमध्ये घालून तू चाक एका दमात आवळलंस. ओली खळ पिळून बाहेर आली, वहीची पाठ कायमची वाकडी झाली. मी तुला ओरडलो होतो: पाव फेरा दे, हात काढ, कागदाला बसू दे, मग पुढचा पाव. जोर आहे म्हणून सगळा लावायचा नसतो.

चाळीस वर्षं कागदाला जपलं, आणि स्वतःच्या मुलीला पन्नास वेळा उचल म्हणून लिहिलं. हत्ती होऊन लाकडं फोडण्यापेक्षा मुंगी होऊन साखर खावी म्हणतात. तू तर नावाचीच मुंगी.

पाच म्हणजे पाच कर. अर्धवट नाही ते.

तुझे,
बाबा

---

२८ जून

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आधी खरं सांगते. दुखणं गेलेलं नाही. आज सकाळीही होतं, उद्याही असेल. पण खुर्चीतून मी आता चौदा वेळा उठू शकते, आणि दहावर थांबते. एप्रिलात एक आठवडा दोनावर आले होते. शून्य मात्र एकदाही नाही.

काल परीक्षा झाली. नकाशांचा एक मोठा ग्रंथ होता, दोघांनी उचलून प्रेसमध्ये ठेवला. सगळा विभाग हातातलं काम टाकून बघत होता. मी पाव फेरा दिला आणि हात काढला. लेबलांच्या टेबलाशी जाऊन दोन लेबलं चिकटवली. परत आले, पुढचा पाव. तिसऱ्या वेळी अंगात जोर मावत नव्हता. वाटलं, एकदाच आवळून टाकावं, दाखवावं सगळ्यांना. तेव्हाही हात काढला. मुख्य बाइंडरांनी काळजीने विचारलं, जमत नाहीये का?

मी म्हटलं, "जमतंय. म्हणूनच थांबलेय."

दुपारपर्यंत चाक शेवटपर्यंत आवळून झालं, एकटीच्या हाताने. आज सकाळी त्यांनी ग्रंथ काढून पाठीला पट्टी लावून पाहिली. पाठ सरळ होती. म्हणाले, जागा तुमची, आणि ही पद्धत कुणी शिकवली? मी सांगितलं, दोघांनी. त्यातले एक माझे बाबा.

मग मी स्वतःच मागून घेतलं, सकाळी प्रेस, दुपारी लेबलं. सहा महिन्यांपूर्वी असं मागायला मला लाज वाटली असती. आज घरी येताना माझी मान इतकी ताठ होती की शेजारणीने विचारलं, मान धरलीय का?

आईला घट्ट मिठी. दोघांनी माया अशीच ठेवा.

तुमची,
मुंगी

---

६ जुलै

चि. मुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र खिशात घालून मी सकाळपासून गल्लीत तीन चकरा मारल्या. न्हाव्याला वाचून दाखवलं, औषधवाल्याला दाखवलं. पोस्टमनने तर दोनदा ऐकलं, पळता येईना बिचाऱ्याला.

एक कबुली. तुझ्या बाईंचे व्यायाम मार्चपासून मीही करतोय. गुडघा कुरकुरतो, पण आता उठताना टेबलाला धरावं लागत नाही. आई समोर बसून मोजते आणि जास्त केलं की डोळे वटारते.

मुख्य वाक्य लिहायचं राहिलंय. पण बोटं आखडायला लागलीत. अजून चालतायत, तोवरच थांबतो.

७ जुलै

कालचं राहिलेलं वाक्य: मुंगे, मला तुझा फार अभिमान वाटतो. वही वाकडी झाली तेव्हा ओरडलो, आणि नंतरच्या हजारो सरळ पाठींना एकदाही शाबास म्हटलं नाही. आता म्हणतो. शाबास.

आशीर्वाद न मागता मिळतात, तसे आहेतच.

तुझे,
बाबा

ता. क. आज खुर्चीतून पाच झाले. सहावं जमत होतं. केलं नाही.