बाटलीला चिकटलेलं निकेल

सोमवार, ९ फेब्रुवारी

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते, तेव्हा पत्र बघून वहिनीनं धसका घेऊ नये. छकुलीचा दुसरा दात पडला का? फोन का नाही केला, असं विचारशील. फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मग मी विषय बदलते. म्हणून कागदच बरा.

आमच्या प्रयोगशाळेत सध्या सगळे खुशीत आहेत. शिंप्याकडच्या सुती चिंध्यांचा लगदा करायचा, लिंबात असतं ते आम्ल त्यात मुरवायचं आणि भट्टीत तापवायचं, एवढंच आमचं दोन वर्षांचं काम. कापसाचा तंतू म्हणजे सेल्युलोज. त्याच्यावर एवढे संस्कार केले की तो पाण्यातले जड धातू धरून ठेवतो. इस्पितळाच्या सांडपाण्यातली अँटिबायोटिक्सही त्यानं बरीचशी धरली. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना आजवर कुणी हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी परवा सगळ्यांना चहा पाजला. मी दोन कप प्यायले.

आता मुद्द्यावर येते. आढेवेढे घेण्यात मी किती पटाईत आहे, हे तुला ठाऊकच आहे.

गेल्या वर्षी तुझ्या निकेलच्या मुलाम्याच्या कारखान्यामागच्या नाल्याचं पाणी मी तपासलं आणि त्यातलं निकेल मर्यादेच्या आत आहे, असं लिहून दिलं. तो कागद तू चौकट करून दारात लावलास. तक्रार करणाऱ्या शेजाऱ्यांची तोंडं बंद झाली, आणि त्याच भरवशावर वहिनी ते पाणी परसातल्या भाजीला घालू लागली.

दादा, तो आकडा चुकीचा आहे.

धातू मोजायचा असेल तर पाणी भरल्याबरोबर बाटलीत आम्लाचे थेंब टाकायचे असतात. नाहीतर धातू बाटलीलाच आतून चिकटून बसतो आणि पाणी उगाच शहाण्यासारखं स्वच्छ दिसतं. हे आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. त्या दिवशी मी वहिनीशी गप्पा मारत बसले, थेंब राहिले, आणि बाटली चार दिवस तशीच पिशवीत पडली. गेल्या महिन्यात कपाट आवरताना ती रिकामी बाटली हाती लागली. सहज म्हणून आम्लानं खळबळली आणि ते धुवण मोजलं, तर हरवलेलं निकेल त्यात निघालं. मग तुमच्याकडे आले तेव्हा कुणाला न सांगता नाल्याचं पाणी पुन्हा भरून नेलं, या वेळी थेंब घालून. मर्यादेच्या नऊपट निघालं.

त्याच पाण्यात आमचा लगदा घातला. निकेल मर्यादेच्या आत आलं. तीनदा करून पाहिलं, तिसऱ्यांदा बाईंनी स्वतः मोजलं. सगळे खुशीत आहेत म्हटलं ते याच्यामुळेही, आणि ते खोटं नाही. रविवारी पिंपभर लगदा घेऊन येते. मुलामा दिलेला माल धुण्याच्या तुझ्या हौदाचं पाणी बाहेर पडतं तिथेच बसवू. निकेलनं भरलेला लगदा मीच परत नेत जाईन.

तोवर परसातली भाजी कुणी खाऊ नका. छकुलीला डॉक्टरांकडे नेऊन आणा. शेजाऱ्यांना मात्र तूच सांग. मी सांगितलं तर तुझी अब्रू जाईल. तू सांगितलंस तर राहील.

एक अजून राहिलं. थेंबांचं लिहिलं ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. तो आकडा मशीनवर आला तेव्हाच मला फार कमी वाटला होता. दुसऱ्या कुणाचं पाणी असतं, तर मी त्याच दुपारी पुन्हा भरून आणलं असतं. पण ते तुझं होतं. मला इतका आनंद झाला की मी पुन्हा मोजलंच नाही.

हवं तर रागाव. पण रविवारी घरी थांब.

तेव्हाही आणि आताही तुझ्याच बाजूची,
धाकटी