एकतिसाव्या पानावरची पांढरी पट्टी

जयपूर,
४ फेब्रुवारी २०२५

चि. अबोली हिस,
मीनूआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं कुरियर पोचलं. छापून येण्याआधीच तुझी चित्रकथा मला वाचायला मिळाली, हा मान मोठाच. आमच्या कॉन्व्हेंटात असलं पुस्तक दप्तरात सापडलं की सिस्टर ते कपाटात कुलूपबंद करायच्या आणि तुझे बाबा, म्हणजे आमचा दादा, दुसऱ्याच दिवशी मला नवं आणून द्यायचा. त्याच दादाची लेक आता हेच काढून पोट भरते, हे सिस्टरना कळायला हवं होतं.

आपल्या फौजी क्वार्टरचा व्हरांडा, आईची पितळी बादली, सगळं हुबेहूब. मला मात्र तू उगाच सुंदर केलंयस. बारा वर्षांची मी नुसती काडी होते.

एकतिसाव्या पानावर मी अडकले गं. आमेरची बावडी, ती पायऱ्यांची खोल विहीर. पहिल्या चौकटीत आम्ही तिघं भावंडं पायऱ्या उतरतोय, पाच वर्षांच्या गौरांगचा हात दादाच्या हातात. दुसऱ्या चौकटीत पाणी, आणि काठावर आम्ही दोघंच. मधे बोटभर पांढरी पट्टी. तिथे काहीच काढलेलं नाही, तरी मला दिसतं. पुस्तक मिटलं तरी दिसतं. काल मी त्यावर पोळपाट ठेवला.

इतकी वर्षं जयपुरात राहून मी आमेरला जात नाही. पाहुण्यांना टॅक्सीत बसवते आणि गुडघ्यांचं निमित्त सांगते. ते पान काढता येईल का?

रागावू नकोस, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
मीनूआत्या


सातारा,
१० फेब्रुवारी २०२५

ती. मीनूआत्यास,
अबोलीचा सा. न. वि. वि.

फोन करणार होते, पण फोनवर तू लगेच भाजी काय केलीस ते विचारतेस. म्हणून पत्रच.

आत्या, ते पान काढलं तर पुस्तकच उरत नाही. गौरांगकाकाबद्दल बाबांनी मला आयुष्यात एकच वाक्य सांगितलंय: हात माझ्या हातात होता आणि सुटला. मी कॉलेजात जाईपर्यंत रस्ता ओलांडताना ते माझं मनगट इतकं आवळायचे की वळ उठायचा. मी हसायचे. आता हसू येत नाही.

त्या पट्टीचं म्हणशील तर आमच्या कामाची सगळी गंमत तिथेच असते. चौकटीत मी सांगते, पट्टीत वाचणारा सांगतो. पाय घसरला, मूल पडलं, हे मी कुठेच काढलेलं नाही. पहिलं चित्र आणि दुसरं चित्र यांच्यामधलं प्रत्येकजण आपल्या मनाने भरतो. तू काय भरलंस? माझं काही चुकलं असेल तर सांग. एक मार्चला पानं छपाईला जातील. बाबांनी अजून काही पाहिलेलं नाही.

गुडघ्यांना तेल लाव, खरे दुखत असोत वा नसोत. तुझ्या आशीर्वादात माझी जागा राखून ठेव.
तुझी,
अबोली


जयपूर,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. अबोली हिस,
अनेक आशीर्वाद.

चुकलंय. गौरांगचा हात माझ्या हातात होता.

माझ्या सँडलचा पट्टा निसटला. तो लावायला मी वाकले आणि हात सोडला. बक्कल घट्ट होतं. मान वर केली तेव्हा पाणी हलत होतं. एवढंच मला त्या पट्टीत दिसतं, बाळा, माझा वाकलेला माथा आणि ते बक्कल.

संध्याकाळी आमच्या बाबांनी विचारलं की हात कुणी धरला होता. मी तोंड उघडण्याआधी दादा म्हणाला, मी. मला वाचवायला खोटं बोलला. मी त्याला बोलू दिलं, आणि एक्कावन्न वर्षं बोलू देतेय. दर राखीला तो हात पुढे करतो आणि मी खाली बघून गाठ मारते.

पट्टीत काही काढू नकोस. पहिल्या चौकटीतला हात बदल. आणि छापण्याआधी दादाला दाखव, हे पत्रही दाखव. नंतर त्याने माझं तोंड पाहिलं नाही तरी चालेल. चालणार नाही, पण दाखव.

लोभ ठेवणं न ठेवणं आता तुम्हा दोघांवर.
मीनूआत्या


सातारा,
२३ फेब्रुवारी २०२५

ती. मीनूआत्यास,
सा. न. वि. वि.

हात बदलला. काका तुझ्याजवळ, बाबा एक पायरी खाली एकटे, असं पान काढून त्यांना दिलं. तुझं पत्रही दिलं. ते दोनदा वाचलं त्यांनी. चहा निवला. मग पेन्सिल मागितली.

त्यांनी कधी साधं झाडही काढलेलं मी पाहिलं नाही. चित्रातल्या स्वतःचा एक हात त्यांनी लांबवला, वेडावाकडा, काकाच्या मोकळ्या हातापर्यंत, आणि बोटं बोटांत अडकवली. म्हणाले, त्याला दोन हात होते. मी खोटं बोललो नव्हतो. पाण्यात खडा टाकायला मीही सोडला.

मग म्हणाले, मीनूला विचार, तिने सोडला तेव्हा दुसरा माझ्याकडे होता का. मी लिहून घेऊ लागले तर म्हणाले, नको, विचारू नकोस.

पान तसंच छापणार, त्यांच्या रेघेसकट. ते गुरुवारच्या गाडीने तुझ्याकडे निघताहेत.

तुम्हा दोघांचा लोभ माझ्यावर असाच असू दे.
तुझी,
अबोली