विकीच्या चाव्या कोणाकडे

मी, बाजारपेठेत ‘बटणकाका’ म्हणून ओळखला जाणारा, व्हिडिओ गेमच्या यंत्रांचा दुरुस्तीवाला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवतो. माझी अक्कल जागेवर आहे; गुडघ्यात असती तर गेल्या वर्षी डॉक्टरांनी गुडघ्यांबरोबर तीही बदलली असती. कोणाचा दबाव नाही. आणायला आलेल्यांना चहा पाजून वाटेला लावले आहे.

१. राहते घर पत्नीचे. ती आहे तोवर तिला विचारल्याशिवाय भिंतीत कोणी खिळाही ठोकू नये. मी एकदा ठोकला होता. त्याचे पडसाद घरात सर्वांनी ऐकले आहेत. बँकेतली शिल्लक निम्मी तिला, निम्मी नातीच्या शिक्षणाला. काय शिकायचे ते नात ठरवील, माझी बहीण आत्याबाई नव्हे.

२. दुकान, गिऱ्हाइकी आणि हत्यारे चिरंजीवांना. हे दुकान पूर्वी एका रेडिओवाल्याचे होते आणि मी त्याच्या पायऱ्यांखाली टेबल टाकून बसत असे. “पोरखेळ आहे हा, चार दिवसांत गाशा गुंडाळशील,” असे तो येताजाता म्हणे. पुढे त्याने दुकान विकायला काढले तेव्हा ते मीच घेतले आणि पायऱ्या तेवढ्या तशाच ठेवल्या. धाकट्या मेहुण्याने नेलेले ड्रिल परत मागू नये. ते त्याच्याकडे आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, एवढे मात्र त्याला जरूर कळवावे.

३. आता खरी मालमत्ता. जगभरच्या व्हिडिओ गेमची नोंद ठेवणारा, चाहत्यांनी मिळून लिहिलेला इंटरनेटवरचा कोश, म्हणजे आमचा विकी, मी सुरू केला. दुकानात पडद्यामागे बसून बाहेर कोणता गेम लागलाय, खेळणारा कुठवर पोचलाय आणि त्याचे कोणते बटण अडकतेय, हे मला नुसते ऐकून कळे. हे सगळे कुठेतरी लिहून ठेवावे असे वाटले. मग माझ्यासारखे आणखी खुळे भेटत गेले. नियम मी घातला: खेळल्याशिवाय लिहायचे नाही, आणि दुसऱ्या कोणी तो गेम स्वतः पाहून दुजोरा दिल्याशिवाय पान ठेवायचे नाही. एका नर्सने आपल्या दिवंगत भावाने बनवलेल्या गेमचे पान लिहिले. त्या गेमची दुसरी कॅसेट शोधता शोधता एका सुताराच्या माळ्यावर निघाली. त्याने ती खेळून पाहिली आणि पान टिकले. त्या दिवशी मी दुकानात सगळ्यांना पेढे वाटत असल्यासारखा हसत फिरत होतो.

हा विकी एका कंपनीला हवा आहे. त्यांचा माणूस म्हणाला, “ज्या पानांवर कोणी येत नाही ती आधी काढून टाकू.” म्हणजे नर्सच्या भावाचे पान पहिले जाणार. चिरंजीवांना मात्र सौदा पटला.

“बाबा, फुकट चालवून काय मिळतं तुम्हाला?”

“मी कुठे चालवतो? लोक चालवतात.”

“पण कागदोपत्री नाव तुमचं. म्हणजे विकू तुम्हीच शकता.”

मुद्दा बिनतोड. व्यवहारात पोरगा माझ्यावरच गेलाय. पुढे एकदा शेजारच्या खोलीतून तो फोनवर कोणाला तरी म्हणाला, “वडील आहेत तोवर थांबू या.” बाळा, राग नाही. पण तिखट कानाच्या बापाच्या घरात असली बोलणी भिंतीला लागून करू नयेत.

४. म्हणून विकीचा पत्ता, सर्व्हरचे खाते आणि व्यवस्थापकाचे पासवर्ड (यांना पुढे ‘चाव्या’ म्हटले आहे) मी वारसांपैकी कोणालाही देत नाही. त्या पुरावाताईंना द्याव्यात.

या बाई बस आगारात हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर नोकरीला आहेत. दांड्याचा रंग सांगितल्याशिवाय कोणाला छत्री देत नाहीत. विकीवरही शंका आली की वाक्यापुढे एकच शब्द लिहितात, “पुरावा?” आणि गप्प बसतात. आमची कधी भेट नाही, भांडणे मात्र भरपूर.

टेबलाच्या दिवसांत माझ्याकडे दुरुस्तीला एक कॅसेट आली होती. कंदील घेतलेली बकरी जिना चढत जाते, असा गेम. नावाची चिठ्ठी खरवडलेली. तसला गेम पुन्हा दिसला नाही, पण त्याची चाल अजून माझ्या ओठांवर आहे. मी त्याचे पान लिहिले, चाल स्वतः गुणगुणून जोडली. पुरावाताईंनी पान उडवले. मी फोन लावला.

“अहो ताई, हा विकी मी काढलाय!”

“ठाऊक आहे, काका. नियमही तुम्हीच काढलाय.”

“मी खोटं बोलतोय का?”

“नाही हो. पण गुणगुणणं म्हणजे पुरावा नव्हे.”

आठवडाभर माझे डोके भणभणले. माझ्याच घरातून मी दाराबाहेर! मग हळूहळू छाती फुगली. ज्या घराची राखणदारीण मालकालाही अडवते, ते घर मी बांधले होते.

चाव्या घ्याल का म्हणून परवा त्यांना विचारले. म्हणाल्या, “घेईन. पण बकरीचं पान परत येणार नाही हं, काका.”

“म्हणून तर तुम्हाला देतोय.”

५. हे सर्व अमलात आणण्याचे काम सूनबाईंकडे. त्या कोणाची भीड धरत नाहीत, माझीही नाही. चिरंजीवांना कलम चार मी स्वतः वाचून दाखवले आहे.

“एकदा विचारायचं तरी, बाबा.”

“काय म्हणाला असतास?”

“विका म्हणालो असतो.” मग स्वतःच हसला. चाव्या पोचवायला आपण सूनबाईंबरोबर जाऊ, असेही म्हणाला. ते मी इथे लिहून ठेवतो, म्हणजे विसरायला नको.

६. ती कॅसेट कोणाकडे निघाली आणि दुसऱ्या कोणी ती खेळून पाहिली, तर पान जरूर लिहावे. तोवर, माझ्या जाण्याने हळहळून कोणीही ते परत टाकू नये. मेलेल्या माणसाची इच्छा म्हणजे पुरावा नव्हे.

वरील मजकूर वाचून, समजून घेऊन, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: बटणकाका
साक्षीदार: १. शेजारचे शिंपी २. गुडघ्यांचे डॉक्टर
स्थळ: दुकानातली पडद्यामागची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५