डब्यातलं लोणी

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. मी मजेत आहे, काळजी करू नकोस. भाऊजींचा गुडघा आता कसा आहे?

कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून डॉक्टरीणबाईंनी लोणी, तूप बंद केलं. आता सगळं बेताच्या तेलात, वर मूठभर अक्रोड. घरात लोण्याचा कण नाही. तरी परवाच्या तपासणीत आकडा उतरायच्या ऐवजी चढलाच. "घरी स्वयंपाक कोण करतं?" त्यांनी विचारलं. मी एकटाच राहतो, म्हटलं.

बाबांना पथ्य होतं तेव्हा आई त्यांच्या पावाच्या दोन तुकड्यांत लोणी लपवायची आणि कडा अंगठ्याने दाबायची, आठवतं? "कोरडं कसं उतरेल त्यांच्या घशाखाली?" म्हणायची. बाबा त्याच वर्षी गेले. तिला कोणी काही बोललं नाही.

काल कारखान्यात डबा उघडला. सकाळी मीच कोरडा पाव भरला होता. कडा अंगठ्याने दाबलेल्या होत्या, आत लोणी.

आई नाही, हे मला कळतं. पण टाकवेना. सगळं खाल्लं.

ताई, तिच्या फोटोसमोर उभी राहून एकदा समजाव. माझं तिने कधी ऐकलं नाही, तुझं ऐकायची. रागावू मात्र नकोस. डबा भरायचा तर भर म्हणावं, फक्त लोणी नको.

तुझा,
धाकटा