पिवळ्या मुठीच्या सुऱ्या

त्रेव्हिझो,
५ ऑक्टोबर १९९७

ती. दोरीनाताईस,
नेवियाचा सा. न. वि. वि.

दाबतेस कशाला, सुरी आहे ती, इस्त्री नाही, असं बाबा मला एकदा म्हणाले होते. मी नऊ वर्षांची होते आणि आईसाठी कोबी चिरत होते. त्यांनी माझ्या हातातली सुरी घेतली, अंगणात सायकलीवर बसवलेल्या धारेच्या चाकावर चार वेळा फिरवली आणि परत दिली. मग मी काही केलंच नाही, कोबी आपणहून उघडत गेला. गेल्या रविवारी तुझ्या ओट्याशी कोबी चिरताना ते वाक्य आठवलं, ते अजून डोक्यातून जात नाही.

ताई, आपल्या घरात बोथट सुऱ्या! खणात पाच, पाचही पिवळ्या प्लास्टिकच्या मुठीच्या, मंगळवारच्या बाजारातल्या. त्यांची धार गेली म्हणावं तर ती आधी होती तरी कुठे? धारवाल्यांच्या अख्ख्या रेझिया खोऱ्यात हसं होईल. आईच्या चार सुऱ्या कुठे आहेत म्हणून विचारलं, तर तू म्हणालीस की कॉफी उतू जातेय. कॉफी उतू जात नव्हती.

आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात असल्याच सुऱ्या आहेत. आम्ही सहा जणी रोज तीनशे मुलांचं रांधतो. लोरेदाना म्हणते की धारदार सुरीची तिला भीती वाटते, बोथट बरी. टोमॅटो चेंगरला की टोमॅटोला शिव्या घालते, आणि आठवड्याला एकदा तरी बोटाला पट्टी बांधून येते, कारण दाबलेली सुरी घसरते. मी सांगून पाहिलं. त्या सगळ्या म्हणतात, धारवाल्याची लेक ना तू, तुला दुसरं काय सुचणार. मी आता बोलत नाही. धार रोज केसभर जाते, हात रोज केसभर जास्त दाबतो, त्यामुळे कुणाला काही गेल्यासारखं वाटतच नाही. मग एक दिवस सुरी फेकायची आणि तसलीच दुसरी आणायची.

आणखी एक. बाबांचं काही बिनसलंय का? मिठाची वाटी मी मागितली, ती त्यांनी तुझ्या हातात दिली. निघताना दारापर्यंतही आले नाहीत. आतूनच म्हणाले की बस चुकेल. मला वाईट वाटायला हवं होतं. मी बसमध्ये बसले आणि झोपले.

लोभ आहे हे माहीत आहे, तरी एकदा लिहून कळव.

तुझी,
नेविया

•

स्तोल्विझा,
१३ ऑक्टोबर १९९७

चि. नेवियास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. फोन करणार होते, पण फोन स्वयंपाकघरात आहे आणि बाबाही दिवसभर तिथेच असतात, म्हणून लिहिते.

त्यांच्या बोटांची जाणीव गेली आहे. रक्तातल्या साखरेमुळे. दोन वर्षं झाली म्हणे, मला कळलं या जूनमध्ये. आईची सुरी परजून झाल्यावर त्यांनी नेहमीसारखा अंगठा धारेवर आडवा फिरवला आणि जेवायला आत आले. पाव मोडला, पाव लाल झाला. मला म्हणाले, वाइन कुणी सांडली गं? अंगठा हाडापर्यंत उघडला होता आणि ते माझ्यावर चिडले होते की धड टेबलही पुसत नाहीस.

जेमोनाच्या डॉक्टरांनी सांगितलं की धारेची वस्तू हाताला लागू द्यायची नाही. चाक त्यांच्याकडून काढून घेणं मला जमलं नसतं. गावात आता कुणी सुऱ्या आणून देत नाही. तुझ्या लोरेदानासारखंच सगळे फेकतात आणि नवी घेतात. बाबांच्या हाताला उरल्या होत्या त्या घरच्याच. म्हणून मी सुऱ्या बदलल्या. आईच्या चारही तेलाच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या आहेत.

त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले की नेविया घेऊन गेली.

दुसरं काही सुचलं नाही. ते म्हणाले, विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो का. तेवढंच. तुझं नाव त्यानंतर त्यांनी घेतलेलं नाही.

लसणाच्या माळा टांगून झाल्या आहेत, येशील तेव्हा घेऊन जा. रागाव, पण पत्र टाक.

तुझी ताई,
दोरीना

•

त्रेव्हिझो,
१९ ऑक्टोबर १९९७

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग तीनशे मुलांसाठी कांदे चिरायला गेले. राग येईल म्हणून वाट पाहत होते. आला नाही, कदाचित अजून यायचा असेल.

खरं सांगून टाक. मी चोर ठरले म्हणून नव्हे. सर्व संतांचा सण, एक नोव्हेंबर, दोन आठवड्यांवर आलाय. बाबा उन्हाळाभर गावोगाव हिंडून सणाच्या आदल्या संध्याकाळी घरी यायचे आणि बूटसुद्धा न काढता आधी घरच्या सुऱ्यांना धार लावायचे. आई म्हणायची, आला बाई नवरा, आता बोटं सांभाळा. खोऱ्यातल्या प्रत्येक धारवाल्याच्या घरी हेच असायचं. घरच्या सुऱ्या झाल्याशिवाय माणूस घरी आलासा धरत नाहीत. बाबांनी फिरणं सोडून चौदा वर्षं झाली, तरी ते त्या दिवशी सायकल अंगणात काढतातच. या वर्षी त्यांच्या हातात काय देणार आहेस? बाजारातला पत्रा?

ते पोलाद धार धरत नाही. चाकावरून उतरते न उतरते तोच गेलेली असते. हे तू आणि मी जाणतो. पण ज्याची बोटं बधिर आहेत, तो काय समजेल? मला भीती वाटते ती अंगठ्याची नाही.

आईच्या सुऱ्या खाली काढ. अंगठ्याचं काय करायचं ते आपण तिघं मिळून बघू. धार कानाने कळते, कागदावर कळते, कांद्याच्या सालीवर कळते.

उत्तर लवकर दे, आणि या वेळी कॉफी उतू जाऊ देऊ नकोस.

नेविया

•

स्तोल्विझा,
२४ नोव्हेंबर १९९७

चि. नेवियास,
आशीर्वाद.

महिना झाला, मी लिहिलं नाही. तू फोन केलास तेव्हा सगळं ठीक आहे म्हणाले. शेजारी बाबा होते.

मी सुऱ्या काढल्या नाहीत. माळ्याच्या शिडीपाशी दोनदा गेले आणि परत आले. सणाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी बूट घातले, सायकल काढली, चाकावर ठिबकणाऱ्या डब्यात पाणी भरलं. मी पिवळ्या सुऱ्या नेऊन दिल्या. चाक फिरत होतं, आवाज नेहमीसारखाच होता. पहिली झाली. त्यांनी अंगठा पुढे केला, मी पाहते आहे हे बघून मागे घेतला आणि कांदा मागितला. सुरी सालीवरून घसरली. पुन्हा लावली. पुन्हा घसरली. दुसरीचंही तेच. तिसरी हातात घेतली आणि चाक थांबवलं. मला वाटलं, सुरीला नावं ठेवतील. ते म्हणाले, हात गेला दोरीना. चांगला होता, पण गेला.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंडापाशी आलं होतं. मी आत गेले आणि भांडी घासली. स्वच्छ भांडीसुद्धा घासली. रडू येईल म्हणून थांबले होते, आलं नाही. तुझं बसमध्ये झालं, तसंच असेल.

तेव्हापासून टेबलावर सुरी ठेवायची नाही असा त्यांचा हुकूम आहे. आम्ही रोज पोलेंटा खातो, मक्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा दोऱ्याने कापला की झालं. खालच्या गावातले काही लोक संग्रहालयासाठी जुनी अवजारं गोळा करतायत. बाबांनी त्यांना स्वतः निरोप पाठवला की चाक घेऊन जा. ते लोक सात डिसेंबरला, रविवारी येणार आहेत. काल मी विचारलं की चाकाशिवाय करमेल का. म्हणाले, बोथट माणसाला कशाला चाक.

म्हणून आज सकाळी शिडी चढले. आईच्या चारही सुऱ्या पार्सलने तुझ्याकडे पाठवल्या आहेत. तुझं उत्तर येण्याआधी त्या तिथे पोचतील, हे जाणूनबुजून केलंय.

शनिवारी, सहा तारखेला, तू ये. सुऱ्या घेऊन ये. आधी तुमच्या स्वयंपाकघरात वापरून थोड्या बोथट कर, त्यांना काम राहिलं पाहिजे. मग त्यांच्यासमोर ठेव आणि सांग की बाबा, मी न विचारता नेल्या, चुकले, त्रेव्हिझोत कुणाला जमत नाही, तुम्हीच लावून द्या. ते पोलाद धार धरेल. कांदा चिरला जाईल. त्यांना कळेल की हात आहे. अंगठ्याला मी चामड्याची टोपी शिवली आहे. दिवसभर शेजारी बसेन.

तू विचारशील की मीच कबूल का होत नाही. मी याचा पुष्कळ विचार केला. तू तीन-चार महिन्यांतून एकदा येतेस. तुझ्यावर रागावून त्यांना जगता येतं. गेले पाच महिने जगतायतच. माझ्यावर रागावले, तर जेवणार कुणाच्या हातचं? मी सांगितलेलं औषध घेणार कसे? पुढे कधीतरी डोळे जातील, पाय जातील, तेव्हा पुढ्यात काय आहे ते मीच सांगायचं आहे, आणि त्यांना ते खरं वाटलं पाहिजे.

यात तुझ्यावर अन्याय आहे. तो मला दिसतो, पण टोचत नाही. तेही तुला सांगून ठेवते.

तू कधी न केलेली गोष्ट कबूल केलेली नाहीस. लहानपणी फुटलेल्या बरणीपायी दोन दिवस उपाशी राहिलीस, पण फोडली म्हणाली नाहीस. म्हणून तुझं उत्तर काय असेल ते मला आत्ताच वाचता येतंय. लोभ असू दे म्हणायला या पत्रात मला तोंड नाही, फक्त विनंती करते. शनिवारी ये, आणि बाबा, मी चोरल्या, असं तू त्यांना सांग.

तुझी,
दोरीना