सुभेदाराचं घमेलं

प्रिय अहो,

फोनवर माझ्या वाट्याला ‘जेवलात का’ एवढंच येतं. आई स्पीकर लावतात, आपली संयू हातातून फोन ओढते, शेजारच्या भामाबाईसुद्धा मधे तोंड घालतात. म्हणून हे पत्र. आणि आधी तुमच्या त्या सशाबद्दल.

गेल्या दिवाळीत ही लेक तुमच्या गळ्यात पडून रडायला लागली, तर तुम्ही तिला ससा आणून दिलात. वर सांगितलंत, पुढच्या दिवाळीला पेन्शन घेऊन कायमचा येतो, तोवर तू याला सांभाळ. वा रे वा! तुम्ही सांगून मोकळे, सांभाळतंय कोण? लेकीनं त्याचं नाव सुभेदार ठेवलंय. तुम्ही फौजेत अजून हवालदार, हा आल्या आल्या सुभेदार, आणि तोराही तसलाच. शेळीचं मूत परवडलं हो, याच्यानं डोळ्यांत पाणी येतं. अंगणात ठेवावं तर कुत्री टपलेली. दाराआड, तांदळाच्या पिंपामागं, तुमच्या काळ्या ट्रंकेवर, मनाला येईल तिथं साहेब मुतायला बसणार.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते आधी पोट धरून हसले. मग म्हणाले, तो ज्या कोपऱ्यात जातो तिथंच जुनं घमेलं ठेवा, खाली कागद, वर उसाची सुकी चिपाडं. शेजारी घासगवत टाका, खाता खाता तिथंच करतो. रोज बदला, पण चार लेंड्या राहू द्या, म्हणजे जागा ओळखतो. आणि खरंच शिकला हो! यात्रेच्या सुट्टीत तुम्हीच कौतुकानं बघत बसला होतात.

मग तुम्ही निघालात आणि आई दारात उभ्या राहून म्हणाल्या, माणूस परगावी पोचल्याचं कळल्याबिगर मागं केर काढायचा न्हाई. मी म्हटलं, केराचं ठीक आहे, पण घमेलं? तर म्हणाल्या, त्यो बी केरच की गं. एरवी पोचल्या पोचल्या तुमचा फोन येतो, म्हणून निभतं. या खेपेला तिकडं दरड पडली, रस्ता बंद, फोनही बंद. चिपाडं भिजून काळी पडली. सुभेदाराला घाण जागा चालत नाही, त्यानं घमेलं सोडलं आणि तुमची गादी धरली. उदबत्ती लावली, कापूर जाळला, तर त्यांचा आणि मुताचा मिळून असा वास सुटला की भामाबाई पदर नाकाला लावून उंबऱ्यावरूनच परतल्या. मी चडफडत होते. कसल्या काळात राहतो आपण!

एका सकाळी आई देवळात गेलेल्या बघून मी घमेलं उचललं आणि तडक उकिरड्यावर गेले. तिथं हात थांबला. मी बी.एस्सी. झालेली बाई, आणि मला वाटलं, आत्ता ओतलं आणि तिकडं काही झालं तर? तसंच उचलून परत आणून ठेवलं. आईंचा राग आला, सशाचा आला, तुमचा तर आलाच, पण सगळ्यांत जास्त माझा मलाच आला. नाकाला फडकं बांधून तिथंच भिंतीला टेकून रडले.

आणि मग तुमचा फोन आला. आई देवापुढं साखर ठेवायला धावल्या, मी घमेलं घेऊन परसात. दारातूनच ऐकू आलं. तुम्ही आईंना सांगत होतात, नोकरीत अजून दोन वर्षं एक्स्टेन्शन घ्यावं म्हणतोय. त्या बरं म्हणाल्या. मला कुणी विचारलं नाही.

म्हणून लिहितेय. एक्स्टेन्शनच्या कागदावर सही करू नका. पैशाचं आपण बघू. सशाचं मी शिकले, बाकीचंही शिकेन. मला फक्त एकदा तुम्ही घराबाहेर पडल्या पडल्या हातात झाडू घ्यायचाय. तुम्ही नुसतं रानात कामाला गेलेले असाल, दुपारी जेवायला येणार असाल, आणि मी बिनधास्त केर काढत असेन.

तुमचीच, लय वैतागलेली,
क्रांती