आप्पांचा हात

५ जानेवारी
तालीम. शाहूपुरीतला, दुकानावरचा हॉल. सर म्हणाले, ठरवून काही नाचायचं नाही, अंगाला सुचेल ते करू द्यायचं. खाली बसले, तर उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर ठेवला गेला. पॅरालिसिस झाल्यापासून आप्पा असाच ठेवतात. माझ्या मनातसुद्धा नव्हतं. रडू आलं.
सर म्हणाले, "हे ठेव."

८ जानेवारी
ठेव म्हणजे? सुचलेलं त्या क्षणाचं, ते धरून ठेवायचं नाही, हे यांनीच शिकवलं ना. आज म्हणे, "त्याच जागी कर. फक्त चेहरा आत्ताच सुचल्यासारखा."
केला तसा चेहरा. शी.

१३ जानेवारी
आता तो हात सगळ्यांना दिलाय. ओळीनं बसून, म्युझिकवर, सगळ्याजणी लुळा हात उचलतात. गौरी आरशात बघत विचारते, "मनगटाला धरायचं का कोपराला?" सरांना बाजूला घेऊन सांगितलं, हे माझ्या वडिलांचं आहे.
"मग तर आणखीनच खरं वाटेल."

१६ जाने.
सकाळी आप्पा शर्ट घालत होते. मी मदत सोडून बघत बसले, त्यांचा अंगठा आत वळतो का बाहेर. आई म्हणाली, "काय बगत बसलीस? बाही धर की."
नुसती सरांची किळस येत होती, तोवर बरं होतं.

२१ जाने.
इचलकरंजीचा प्रयोग. पत्रकात छापलंय, काहीच ठरवलेलं नाही, दर प्रयोग नवा. माझी जागा आली. हात उचलला नाही. वाटलं, दुसरं काही सुचेल. नाही सुचलं. नुसती बसून राहिले. शेजारी सगळ्यांचे हात बिनचूक मांडीवर.
नंतर सर: "विसरलीस?"
"नाही. आज आलं नाही."
"स्टेजवर यायलाच पाहिजे."
परतताना गौरी हळूच म्हणाली, "मला बी न्हाय उचलायचा होता. पण उचललाच गेला बग."

२३ जाने.
सरांचा मेसेज. वारणानगरच्या प्रयोगात हात उचलायचा, नाहीतर माझी मधली जागा गौरीला.
तो वाचतेय तोवर आप्पा, चहा पिता पिता: "वारणेला तुझा नाच बगाय येतो की. गाडीत बसवतंय मला आता."
मी नाही उचलला, तरी बाकीच्या उचलणारच. आप्पांसमोर.
बघू, म्हटलं. आई शेजाऱ्यांकडे गाडी मिळते का विचारायला गेलीसुद्धा.